होंडा सिटीच्या पाच पिढ्या : ‘स्पोर्टी’ गाडीचे मोजमाप नेमके कशाने करावे?

भारतीय बाजारपेठेत जानेवारी १९९८ मध्ये दाखल झालेली होंडा सिटी ही सेडान मोटार पाव शतकाहून अधिक काळ एकाच नावाने विकली जात आहे. या काळात तिच्या पाच पिढ्या रस्त्यावर आल्या. प्रत्येक पिढीत सांगाडा, इंजिन आणि बाह्यरूप यांची नव्याने जुळणी करण्यात आली. कुटुंबासाठी सोयीची आणि तरीही चालवणाऱ्याला आनंद देणारी गाडी, ही तिची ओळख मात्र कायम राहिली.

ही ओळख प्रत्येक पिढीने सारख्याच प्रमाणात सार्थ केली का, हा प्रश्न मोटारप्रेमींमध्ये वर्षानुवर्षे चर्चिला जातो. त्याला व्यवहाराचीही बाजू आहे. जुन्या मोटारींच्या बाजारात या गाडीच्या वेगवेगळ्या पिढ्या शेजारी शेजारी उभ्या असतात. ‘जुनी व्हीटेक सर्वांत वेगवान’, ‘आय-डीएसआय सर्वांत काटकसरी’, ‘डिझेल सर्वांत स्वस्त पडणारी’ अशी विधाने विक्रेत्याकडून सहज ऐकायला मिळतात. यांतील प्रत्येक विधानात तथ्य आहे. परंतु कोणतेही एक विधान संपूर्ण चित्र उभे करीत नाही. म्हणूनच या पाच पिढ्यांचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

नावाचा पूर्वेतिहास

‘सिटी’ हे नाव भारतात येण्यापूर्वी जपानमध्ये परिचित होते. होंडाने १९८१ मध्ये या नावाने एक लहान, उंच बांध्याची हॅचबॅक मोटार सादर केली होती. तिची टर्बो आवृत्तीही पुढे आली. १९८६ मध्ये तिची दुसरी पिढी आली. तिचे उत्पादन थांबल्यानंतर १९९६ मध्ये हेच नाव आशियातील विकसनशील बाजारपेठांसाठी तयार केलेल्या एका सेडानला देण्यात आले. तिची विक्री प्रथम थायलंडमध्ये सुरू झाली. त्यामुळे जागतिक क्रमवारीत तिसरी असलेली पिढी भारतात पहिली ठरली. या लेखात पिढ्यांचा उल्लेख भारतातील क्रमानुसार केला आहे.

भारतात या गाडीच्या निर्मितीसाठी होंडा सिएल कार्स इंडिया या कंपनीची स्थापना डिसेंबर १९९५ मध्ये झाली आणि उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथे कारखाना उभारण्यात आला. भारतीय भागीदाराचा हिस्सा २०१२ मध्ये विकत घेतल्यानंतर कंपनीचे नाव होंडा कार्स इंडिया असे झाले. ग्रेटर नोएडा येथील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबवण्यात आले आणि ते राजस्थानातील टपुकडा येथील कारखान्यात एकवटण्यात आले.

पहिली पिढी : उच्च फेऱ्यांचे इंजिन

पहिली सिटी आली तेव्हा भारतीय ग्राहकासमोर मारुती एस्टीम, देवू सिएलो, फोर्ड एस्कॉर्ट आणि ओपेल ॲस्ट्रा या सेडान होत्या. लवकरच मित्सुबिशी लान्सर, फोर्ड आयकॉन आणि ह्युंदाई ॲक्सेंट यांची त्यांत भर पडली. या स्पर्धेत सिटीने इंजिनाच्या बळावर स्वतःचे स्थान निर्माण केले. सोळा व्हॉल्व्हच्या १.३ लिटर इंजिनाची शक्ती ९० अश्वशक्ती, तर १.५ लिटर इंजिनाची शक्ती १०० अश्वशक्ती होती. गाडीचे वजन एक टनाच्या आसपास असल्याने हे आकडे त्या काळी लक्षणीय मानले गेले.

या पिढीच्या उत्तरार्धात १.५ लिटर इंजिनाला व्हीटेक तंत्रज्ञानाची जोड मिळाली आणि शक्ती १०६ अश्वशक्तीवर गेली. व्हीटेकचे तत्त्व साधे आहे. इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह किती उंच आणि किती वेळ उघडावेत, हे कॅमशाफ्टवरील उंचवट्यांच्या आकारावर ठरते. संथ गतीत व्हॉल्व्ह थोडे उघडणे हितकारक असते, तर वेगात ते अधिक उघडणे आवश्यक असते. सामान्य इंजिनात या दोन गरजांमध्ये तडजोड करावी लागते. व्हीटेकमध्ये दोन प्रकारचे उंचवटे असतात आणि ठरावीक फेऱ्यांनंतर इंजिन आपोआप दुसऱ्या उंचवट्याकडे वळते. परिणामी इंजिन उच्च फेऱ्यांवर अधिक मोकळेपणाने श्वास घेते.

चालकाला याचा प्रत्यय गिअर लांबवर ओढल्यानंतर येत असे. शहरातील संथ वाहतुकीत मात्र या इंजिनाचा खरा गुण दिसत नसे. शिवाय गाडीची उंची सुमारे १.४ मीटर इतकी कमी होती. त्यामुळे वळणावर ती स्थिर वाटत असली, तरी वयस्कर प्रवाशांना आसनावर बसताना बरेच खाली वाकावे लागे. एअरबॅग आणि एबीएस ही साधने तर त्या काळी या वर्गातील गाड्यांमध्ये सरसकट मिळत नव्हती. या पिढीचे गुणगान करताना ही बाब सहसा विस्मरणात जाते.

दुसरी पिढी : शक्ती घटली, गाडी टिकली

वर्ष २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीने मोटारप्रेमींना धक्का दिला. नव्या गाडीत १४९७ घनसेंटिमीटरचे आय-डीएसआय इंजिन होते आणि त्याची शक्ती केवळ ७७ अश्वशक्ती होती. आधीच्या व्हीटेकशी तुलना करता ही घट एकचतुर्थांशाहून अधिक होती. चाकांमधील अंतरही २५०० मिलिमीटरवरून २४५० मिलिमीटरवर आले. छत मात्र उंच झाले. चपळ दिसणाऱ्या गाडीच्या जागी उभट बांध्याची गाडी आल्याची टीका झाली.

कंपनीचे गणित वेगळे होते. आय-डीएसआय इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग होते. इंधन आणि हवा यांचे मिश्रण दोन ठिकाणी पेटवल्याने ज्वलन जलद आणि पूर्ण होते. त्यामुळे हवेच्या तुलनेत इंधनाचे प्रमाण कमी ठेवता येते. या इंजिनाचा भर कमाल शक्तीवर नसून कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या खेचशक्तीवर, म्हणजे टॉर्कवर होता. सिग्नलवरून निघताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वाहतुकीतून वाट काढताना आणि पूर्ण भारासह चढ चढताना चालकाला हीच खेचशक्ती उपयोगी पडते.

सांगाड्यातही महत्त्वाचा बदल झाला होता. पेट्रोलची टाकी मागील आसनाखालून हलवून पुढच्या आसनांखाली नेण्यात आली. त्यामुळे गाडी बाहेरून फारशी न वाढता मागील प्रवाशांसाठी पाय ठेवण्यास अधिक जागा मिळाली. सीव्हीटी प्रकारच्या स्वयंचलित गिअरपेटीचा पर्यायही देण्यात आला. पट्टा आणि कप्प्यांच्या साहाय्याने चालणाऱ्या या गिअरपेटीत ठरावीक गिअर नसतात. गुणोत्तर सलग बदलत जाते.

शक्ती घटूनही ही पिढी आपल्या वर्गात विक्रीच्या आघाडीवर राहिली. भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने इंधनखर्च आणि मागील आसनावरील जागा यांना किती वजन आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच वेळी वेगाची आवड असलेला ग्राहक दुरावू नये, यासाठी कंपनीने याच सांगाड्यात १०० अश्वशक्तीचे व्हीटेक इंजिन पुन्हा उपलब्ध करून दिले. २००५ मध्ये गाडीचे बाह्यरूप सुधारून तिला ‘झेडएक्स’ हे नाव देण्यात आले. एकाच पिढीत दोन भिन्न स्वभावांची गाडी मिळत असल्याने, दुसऱ्या पिढीविषयी सरसकट मत देणे योग्य ठरत नाही. इंजिन कोणते, हा पहिला प्रश्न विचारावा लागतो.

तिसरी पिढी : रूप आणि शक्ती यांचा मेळ

सप्टेंबर २००८ मध्ये सादर झालेली तिसरी पिढी अनेकांच्या मते सिटीचा सर्वांत समतोल अवतार आहे. बाणासारखे पुढे झेपावणारे बाह्यरूप, २५५० मिलिमीटरचे चाकांमधील अंतर आणि ११८ अश्वशक्तीचे १.५ लिटर आय-व्हीटेक इंजिन ही तिची वैशिष्ट्ये होती. कमाल टॉर्क १४६ न्यूटन मीटर होता. व्हीटेकचा जुना स्वभाव या इंजिनात परतला होता. परंतु कमी फेऱ्यांवरील वर्तन अधिक सुसह्य झाले होते. स्वयंचलित आवृत्तीत सीव्हीटीऐवजी पाच टप्प्यांची पारंपरिक गिअरपेटी देण्यात आली आणि सुकाणूमागे गिअर बदलण्यासाठी पट्ट्या बसवण्यात आल्या.

बाजारात आली तेव्हा या पिढीत पुढील दोन एअरबॅग आणि एबीएस ही साधने देण्यात आली होती. ही साधने कायद्याने बंधनकारक होण्यास अजून दहा वर्षांचा अवधी होता. यावरून या पिढीचे मोल लक्षात येते. टायरच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतल्याची टीका झाली. १७५ मिलिमीटर रुंदीचे टायर इंधन वाचवण्यास उपयुक्त होते. पण ११८ अश्वशक्तीच्या गाडीला वळणावर अधिक पकड हवी होती. बाहेरचा आवाज आत येतो, ही तक्रारही कायम राहिली.

या पिढीसमोरील खरे आव्हान मात्र पेट्रोल पंपावर उभे राहिले. केंद्र सरकारने जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले. डिझेलचे दर त्यानंतरही नियंत्रणात होते. दोन्ही इंधनांच्या दरांतील तफावत वाढत गेली आणि ग्राहक डिझेल गाड्यांकडे वळले. फोक्सवॅगन व्हेंटो आणि ह्युंदाई व्हर्ना यांच्याकडे डिझेल इंजिन होते, सिटीकडे नव्हते. तंत्रदृष्ट्या सरस असलेली गाडी केवळ इंधनधोरणातील बदलामुळे मागे पडू शकते, याचे हे ठळक उदाहरण होते.

चौथी पिढी : डिझेलचे आगमन

चौथ्या पिढीचे जागतिक अनावरण नोव्हेंबर २०१३ मध्ये नवी दिल्लीत झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये ती विक्रीस आली. या गाडीसाठी भारतीय बाजारपेठ किती महत्त्वाची होती, हे त्यातून अधोरेखित झाले. चाकांमधील अंतर २६०० मिलिमीटर झाले आणि मागील आसनावरील ऐसपैस जागा हे तिचे प्रमुख आकर्षण ठरले.

सिटीला प्रथमच डिझेल इंजिन मिळाले. १.५ लिटर आय-डीटेक इंजिनाची शक्ती १०० अश्वशक्ती, टॉर्क २०० न्यूटन मीटर होता आणि त्याला सहा टप्प्यांची गिअरपेटी जोडलेली होती. पुणे येथील एआरएआय, म्हणजेच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या चाचणीत या गाडीने लिटरमागे २६ किलोमीटर अंतर कापल्याचे जाहीर करण्यात आले. ही चाचणी प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर, ठरवून दिलेल्या गतिक्रमानुसार घेतली जाते. त्यामुळे तिचे आकडे दोन गाड्यांच्या तुलनेस उपयुक्त असतात. प्रत्यक्ष रस्त्यावर तेवढेच मायलेज मिळेल, असा त्यांचा अर्थ होत नाही.

पेट्रोल आवृत्तीची शक्ती ११९ अश्वशक्ती, म्हणजे आधीच्या पिढीएवढीच राहिली. स्वयंचलित आवृत्तीत सीव्हीटी परतली. शहरात ही गिअरपेटी अतिशय मऊपणे चालते. परंतु वेग घेण्यासाठी ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यास इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि गती मागाहून येते. ज्यांना ‘स्पोर्टी’ अनुभव हवा आहे, त्यांना हा विलंब खटकतो.

डिझेल आवृत्ती बाजारात येऊन वर्षही झाले नव्हते, तोच ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही नियंत्रणमुक्त झाले. दोन्ही इंधनांच्या दरांतील अंतर पुढे कमी होत गेले आणि ज्या कारणासाठी डिझेल इंजिन आणले गेले, ते कारणच क्षीण झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये या पिढीचे रूप सुधारण्यात आले आणि सर्वांत वरच्या आवृत्तीत सहा एअरबॅग देण्यात आल्या. पाचवी पिढी आल्यानंतरही चौथी पिढी २०२३ पर्यंत कमी किमतीत विकली जात होती.

पाचवी पिढी : वेगापेक्षा बुद्धीवर भर

जुलै २०२० मध्ये भारतात दाखल झालेली पाचवी पिढी लांबी आणि रुंदी या दोन्ही बाबतींत आधीच्या सर्व पिढ्यांहून मोठी होती. तिची लांबी ४५४९ मिलिमीटर, तर रुंदी १७४८ मिलिमीटर होती. १.५ लिटर पेट्रोल इंजिनाला दोन कॅमशाफ्ट मिळाले, शक्ती १२१ अश्वशक्ती झाली आणि हाताने गिअर बदलण्याच्या आवृत्तीत सहावा गिअर आला. थायलंडसह काही देशांत याच पिढीला एक लिटरचे टर्बो इंजिन देण्यात आले. भारतात मात्र टर्बोविना चालणारे इंजिन कायम ठेवण्यात आले.

मे २०२२ मध्ये ‘ई:एचईव्ही’ ही संकरित आवृत्ती आली. तिच्यात पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटार यांची सांगड असून एकत्रित शक्ती १२६ अश्वशक्ती आहे. मोटारीचा २५३ न्यूटन मीटर टॉर्क चाके फिरू लागताच उपलब्ध होतो. शहरातील वेगात बहुतांश वेळ चाके विद्युत मोटार फिरवते आणि इंजिन प्रामुख्याने वीज निर्माण करते. तिचे जाहीर मायलेज लिटरमागे २६.५ किलोमीटर होते, म्हणजे चौथ्या पिढीच्या डिझेलहून किंचित अधिक. त्याची किंमतही मोजावी लागते. बॅटरीमुळे डिकीची जागा ५०६ लिटरवरून ३०६ लिटरवर येते आणि सुरुवातीची शोरूम किंमत साडेएकोणीस लाख रुपयांच्या घरात होती.

संकरित आवृत्तीबरोबर होंडा सेन्सिंग ही चालक साहाय्य प्रणालीही आली. समोरील वाहन किंवा पादचारी ओळखून आपोआप ब्रेक लावणे, पट्टा सोडल्यास चालकाला सावध करणे, समोरच्या वाहनापासून अंतर राखून वेग सांभाळणे, ही कामे ती करते. मार्च २०२३ मध्ये सुधारित रूपासह ही प्रणाली पेट्रोल गाडीतही देण्यात आली. त्याच सुमारास प्रत्यक्ष रस्त्यावरील प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि सिटीमधील डिझेल इंजिन बंद झाले.

‘स्पोर्टी’ या बिरुदाबाबत मात्र चित्र बदलले होते. २०२२ मध्ये फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या गाड्या १५० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनासह आल्या. २०२३ मध्ये ह्युंदाई व्हर्ना १६० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनासह आली. नव्वदच्या दशकात इंजिनाच्या जोरावर पुढे आलेली सिटी या शर्यतीत आकड्यांच्या दृष्टीने मागे राहिली. पेट्रोल आवृत्तीच्या मागील चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असणे, हाही टीकेचा विषय झाला. संकरित आवृत्तीत मात्र चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत.

आकडे एकत्र ठेवल्यास

कंपनीने वेळोवेळी जाहीर केलेले शक्तीचे आकडे एका ओळीत मांडल्यास १०६, ७७, १००, ११८, ११९ आणि १२१ असा क्रम दिसतो. अश्वशक्ती मोजण्याच्या दोन पद्धतींमध्ये सुमारे दीड टक्क्याचा फरक पडतो. तो येथे गौण आहे. पाचव्या पिढीच्या पेट्रोल गाडीचे वजन सुमारे ११०० किलोग्रॅम आहे. म्हणजे दर टनामागे साधारण ११० अश्वशक्ती मिळते. पहिल्या पिढीतील व्हीटेकचे हे प्रमाण जवळपास याच पातळीवर होते.

यातून निघणारा निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे. दोन दशकांहून अधिक काळात वजनाच्या तुलनेत सिटीची शक्ती जवळपास जिथल्या तिथे राहिली. जी काही प्रगती झाली, ती इतरत्र झाली. गाडी लांबरुंद झाली, अंतर्भागातील जागा वाढली, प्रदूषणाचे प्रमाण भारत स्टेज-६ च्या मर्यादेत आले आणि अपघातात प्रवाशांचे रक्षण करणारी साधने वाढली. नव्या साधनांचे वजन वाहूनही गती कमी होऊ न देणे, हेच अभियंत्यांचे यश म्हणावे लागेल. जुनी व्हीटेक अधिक वेगवान वाटते, याचे कारण बरेचसे संवेदनांत आहे. आसन जमिनीलगत, पत्रा हलका, इंजिनाचा आवाज स्पष्ट, अशा गाडीत साठचा वेगही ऐंशीसारखा भासतो.

सुरक्षिततेचा निकष

वेगवान गाडीचे मूल्यमापन करताना ती किती लवकर थांबते आणि धडक झाल्यास आतील माणसांचे काय होते, हे प्रश्न टाळता येत नाहीत. भारतात नव्या मॉडेलसाठी एबीएस एप्रिल २०१८ पासून, तर सर्व गाड्यांसाठी एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाले. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून, तर शेजारच्या आसनासाठी जानेवारी २०२२ पासून सर्व गाड्यांत अनिवार्य झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांमध्ये ही साधने आवृत्तीनुसार असू किंवा नसू शकतात. म्हणून केवळ वर्ष पाहून निष्कर्ष काढू नये. आवृत्तीचे नाव तपासावे.

ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत चौथ्या पिढीच्या सिटीला प्रौढ आणि बालक या दोन्ही गटांत चार तारे मिळाले. पाचव्या पिढीला आग्नेय आशियासाठी काम करणाऱ्या आसियान एनकॅपने पाच तारे दिले. दोन्ही संस्थांच्या पद्धती भिन्न आहेत. ग्लोबल एनकॅपच्या त्या वेळच्या जुन्या नियमांनुसार तारे प्रामुख्याने समोरील धडकेवर ठरत. त्यामुळे या ताऱ्यांची थेट तुलना करणे उचित नाही.

या संदर्भात ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा विषय महत्त्वाचा आहे. या जपानी कंपनीने तयार केलेल्या फुगवणी यंत्रांत अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. दीर्घकाळ उष्णता आणि दमटपणा सोसल्यावर हे रसायन अस्थिर होते आणि एअरबॅग उघडताना यंत्राचे कवच फुटून धातूचे तुकडे उडू शकतात. हा दोष जगभरातील अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आढळला आणि ताकाता कंपनीने जून २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. होंडाने भारतातही सिटीसह आपल्या अनेक गाड्या टप्प्याटप्प्याने परत बोलावून ही यंत्रे विनामूल्य बदलून दिली. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई किंवा कोलकाता अशा दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेली जुनी गाडी घेताना हे काम झाले आहे की नाही, याची खातरजमा करणे अत्यावश्यक आहे. चॅसिस क्रमांक दिल्यास अधिकृत सेवा केंद्रात ही माहिती मिळू शकते.

जुनी सिटी घेताना

जुन्या सिटीचा विचार करणाऱ्या ग्राहकाने आपल्या वापराचे स्वरूप आधी निश्चित करावे. पहिल्या पिढीची गाडी हौस म्हणून सांभाळण्यास आकर्षक असली, तरी खासगी वाहनाची मूळ नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी करून ती पुढे वाढवावी लागते. रोजच्या कौटुंबिक प्रवासासाठी सुरक्षा साधनांअभावी ही पिढी योग्य म्हणता येणार नाही.

दुसऱ्या पिढीतील आय-डीएसआय गाडीत एकूण आठ स्पार्क प्लग असतात. ते बदलण्याचा खर्च सामान्य चार सिलिंडर गाडीच्या दुप्पट येतो, हे ध्यानात ठेवावे. स्वयंचलित गाडीच्या बाबतीत सीव्हीटीमधील द्रव वेळेवर बदलला गेला होता का, याची नोंद सेवापुस्तिकेत पाहावी. गाडी हलताना झटके किंवा थरथर जाणवल्यास खरेदीचा विचार लांबणीवर टाकणे हिताचे ठरते.

इंधनाचा मुद्दाही आता दुर्लक्षित करता येत नाही. देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले आहे. १ जानेवारी २००९ नंतर तयार झालेल्या आपल्या गाड्यांतील सुटे भाग या इंधनास अनुरूप असल्याचे कंपनीने जाहीर केले आहे. त्यामुळे पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्यांत रबरी नळ्या आणि इंधनपंप यांची तपासणी करून घेणे श्रेयस्कर ठरेल.

डिझेल सिटी घेणाऱ्यांनी, विशेषतः राजधानी परिसरातील ग्राहकांनी, वयोमर्यादेचा विचार करावा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम ठेवले आणि २०२५ मध्ये त्यांत अंशतः शिथिलता आणली. न्यायालयीन आदेशांत झालेले हे बदल पाहता, व्यवहारापूर्वी ताजी स्थिती जाणून घेणेच योग्य.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी करप्रणालीतील बदल उल्लेखनीय आहे. चार मीटरपेक्षा लांब असल्याने सिटी लहान गाड्यांच्या करसवलतीस कधीच पात्र ठरली नाही. पेट्रोल सिटीवर वस्तू व सेवा कर आणि अधिभार मिळून ४५ टक्के आकारणी होत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अधिभार रद्द होऊन हा दर ४० टक्के झाला.

कोणती पिढी सरस?

पाच पिढ्यांपैकी एकीला निर्विवाद विजेती ठरवणे कठीण आहे. परंतु निकष वेगळे केल्यास उत्तरे स्पष्ट होतात. हलकेपणा आणि इंजिनाचा मोकळा स्वभाव यांत पहिली व्हीटेक, काटकसर आणि जागेचा चतुर वापर यांत दुसरी, रूप, शक्ती आणि सुरक्षा यांच्या समतोलात तिसरी, मागील आसनावरील आराम आणि लांबच्या प्रवासातील इंधनखर्च यांत चौथी, तर सुरक्षा आणि तंत्रज्ञान यांत पाचवी पिढी पुढे आहे.

चालवण्याचा आनंद आणि कुटुंबाची सुरक्षितता या दोन्ही अपेक्षा एकाच गाडीकडून असतील आणि खर्चाला मर्यादा असेल, तर सुस्थितीतील, एअरबॅगचे काम पूर्ण झालेली तिसऱ्या पिढीची हस्तचलित गिअरची गाडी विचारात घेण्याजोगी आहे. खर्चाची मर्यादा थोडी सैल असेल, तर २०१७ नंतरची चौथ्या पिढीची सहा एअरबॅग असलेली आवृत्ती अधिक सुज्ञ निवड ठरते. विक्रेता शक्तीचा आकडा सांगू लागला, तर ग्राहकाने त्यासोबत गाडीचे वजन, टायरची स्थिती, ब्रेकचा प्रकार आणि एअरबॅगची नोंद यांची चौकशी करावी. ही चार उत्तरे समाधानकारक असतील, तरच त्या आकड्याला अर्थ आहे.